टाळ्या कोणाच्या? : 'द प्रोड्यूसर्स' – पडद्यावरून रंगमंचावर

लंडनच्या चॅरिंग क्रॉस रस्त्यावरील गॅरिक नाट्यगृहात २०२५च्या डिसेंबरमध्ये आम्ही तिघांनी 'द प्रोड्यूसर्स' हे म्युझिकल पाहिले. तिघेही साहित्य शिकवणारे. मेल ब्रुक्सचा मूळ चित्रपट तिघांनीही पूर्वी एकाहून अधिक वेळा पाहिलेला. त्यामुळे पुढे काय घडणार हे ठाऊक होते. तरीही दुसऱ्या अंकात असा एक क्षण आला की ज्याची तयारी आमच्यापाशी नव्हती. नाझी गणवेशातले नर्तक, त्यांच्या मधोमध मुरकणारा, प्रेक्षकांना लाडीगोडी लावणारा हिटलर आणि शिगेला पोहोचलेला वाद्यवृंद. गाणे संपले आणि सारे नाट्यगृह टाळ्यांनी दणाणले. त्या टाळ्यांत आमचेही हात होते. आमच्यापैकी एकीने मात्र हात मांडीवरच ठेवले होते.

प्रयोग संपल्यावर याविषयी आमच्यात जे बोलणे झाले, त्यातून प्रस्तुत लेख उभा राहिला आहे. 'चित्रपट चांगला की नाटक चांगले' हा त्या बोलण्याचा विषय नव्हता. एखादी विनोदी कलाकृती पडद्यावरून रंगमंचावर येते आणि तिला गाणी मिळतात, तेव्हा प्रेक्षक म्हणून आपली जागा कशी बदलते, हा प्रश्न होता. 'द प्रोड्यूसर्स'चा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार सोयीचा आहे, कारण या कथेचा खरा नायक प्रेक्षकच आहे.

कथा थोडक्यात अशी. मॅक्स बियालिस्टॉक हा उतरती कळा लागलेला ब्रॉडवेचा निर्माता. नाटकासाठी लागणारे भांडवल तो वृद्ध श्रीमंत स्त्रियांना भुलवून गोळा करतो. लिओ ब्लूम हा भित्रा हिशेबनीस त्याच्या वह्या तपासायला येतो आणि सहज बोलून जातो की, यशस्वी नाटकापेक्षा पडलेल्या नाटकातून अधिक पैसा मिळू शकेल. पडलेल्या नाटकाच्या भागीदारांना कोणी हिशेब देत नाही. तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त भांडवल जमवावे, नाटक पहिल्याच रात्री पाडावे आणि उरलेले पैसे खिशात घालावेत. मॅक्सच्या डोक्यात प्रकाश पडतो. जगातले सर्वांत वाईट नाटक शोधायचे, सर्वांत वाईट दिग्दर्शकाकडे सोपवायचे आणि नफ्याचा एकच वाटा अनेकांना विकायचा. शोधाअंती सापडते 'स्प्रिंगटाइम फॉर हिटलर', एका हिटलरभक्ताने अंतःकरणपूर्वक लिहिलेले त्याचे गुणगान. पण प्रेक्षक ते विडंबन समजतात, नाटक तुफान चालते आणि दोघे तुरुंगात जातात.

हा चित्रपट १९६७च्या अखेरीस पिट्सबर्ग येथे आणि १९६८च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. १९२६ साली ब्रुकलिनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला ब्रुक्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून युरोपात गेला होता. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिला चित्रपट. मॅक्सच्या भूमिकेत झीरो मोस्टेल आणि लिओच्या भूमिकेत जीन वाइल्डर होते. मोस्टेल हा मुळात रंगभूमीचा माणूस. १९५०च्या दशकात कम्युनिस्टविरोधी मोहिमेत काळ्या यादीत टाकला गेलेला आणि १९६४मध्ये 'फिडलर ऑन द रूफ'मधील तेव्ये दूधवाल्याच्या भूमिकेने पुन्हा शिखरावर पोहोचलेला. चित्रपटाला आधी नाटकातल्या नाटकाचेच नाव द्यायचे होते. पण शीर्षकात हिटलर नको म्हणून ते बदलावे लागले. समीक्षकांत मतभेद झाले, काहींना तो ओंगळ वाटला. तरी त्या वर्षीच्या मूळ पटकथेचे ऑस्कर ब्रुक्सलाच मिळाले. हिटलरच्या मृत्यूला तेव्हा अवघी बावीस-तेवीस वर्षे झाली होती. चित्रगृहात बसलेल्यांपैकी अनेक जण युद्धातून परतलेले होते, तर अनेकांचे नातलग छावण्यांतून परत आले नव्हते.

आता चित्रपटातले एक दृश्य वाचकांनी आठवावे. हिटलरच्या नाटकाचे सलामीचे गाणे संपते. कॅमेरा प्रेक्षागृहाकडे वळतो. ओळीच्या ओळी आ वासून, थिजून बसलेल्या आहेत. एक जण उठून टाळ्या वाजवू लागतो, तोच आजूबाजूचे लोक त्याला हातातल्या कार्यक्रमपत्रिकांनी बडवून काढतात. माणसे उठून जाऊ लागतात. मॅक्स आणि लिओ आनंदाने शेजारच्या मद्यालयात जातात. त्यांच्यामागे मंचावर एक हिप्पी हिटलर होऊन येतो आणि त्याच्या खुळचट बोलण्याने लोकांना वाटते, अरे, ही तर थट्टा आहे! मग गेलेलेही परत येऊन बसतात.

या दृश्यात ब्रुक्सने आपल्यासाठी दोन बैठका मांडल्या आहेत. मंचावरील हिटलरला आपण हसतोच, शिवाय त्याला पाहून थिजणाऱ्या आणि मग हसू लागणाऱ्या प्रेक्षकांनाही हसतो. ते प्रेक्षक म्हणजे आपल्या आणि हिटलरच्या मध्ये उभी केलेली एक भिंत आहे. धक्का बसायचा तो त्यांना बसतो, चूक व्हायची ती त्यांची होते. आपण सुरक्षित अंतरावर शहाणे राहतो. रंगमंचावर नेमकी हीच भिंत नाहीशी होते. म्युझिकलमध्ये त्या गाण्यानंतर दाखवायला वेगळे प्रेक्षक नाहीत. तिकीट काढून आलेले आपणच ते प्रेक्षक. पडद्यावर ज्या एका टाळीबद्दल माणसाला मार बसतो, ती टाळी इथे सारे नाट्यगृह वाजवते, आणि कथेच्या दृष्टीने ती वाजणे आवश्यकही असते, कारण आपण टाळ्या वाजवल्या नाहीत तर मॅक्स आणि लिओ तुरुंगात कसे जाणार? त्यांच्या फसवणुकीचा आपल्या पसंतीने बोजवारा उडतो. आमच्या मैत्रिणीच्या मांडीवरच्या हातांचा अर्थ आम्हांला इथून कळू लागला.

या कृतीचे रंगभूमीवर येणे हे एका अर्थी घरी परतणेच होते. चित्रपटाचा विषय रंगभूमीचा, मुख्य नट रंगभूमीचा, आणि त्याच्या पोटात एक आख्खे म्युझिकल दडलेले. तरीही या परतीला तीन दशके लागली. ब्रुक्सच्या सांगण्यानुसार, डेव्हिड गेफन या निर्मात्याने त्याच्यामागे लकडा लावला. संगीतासाठी ब्रुक्स 'हॅलो, डॉली!'चे संगीतकार जेरी हर्मन यांच्याकडे गेला, तर त्यांनीच उलट सुचवले की, गाणी तुम्हीच लिहावीत. चित्रपटातले हिटलरचे गाणे ब्रुक्सचेच होते, हे त्यामागचे कारण. मग सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने सगळी गाणी आणि चाली स्वतः केल्या. संहितेत त्याला 'ॲनी'चे लेखक टॉमस मीहान यांची साथ मिळाली. दिग्दर्शन माइक ऑक्रेंट करणार होते. १९९९च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम त्यांच्या पत्नी, नृत्यदिग्दर्शिका सुझन स्ट्रोमन यांनी पुढे नेले. १९ एप्रिल २००१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स नाट्यगृहात नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या प्रमुख भूमिकांत ते उघडले. त्याला बारा टोनी पुरस्कार मिळाले. दहा पुरस्कारांचा आधीचा विक्रम 'हॅलो, डॉली!'चा होता आणि तेही १९६४ साली याच नाट्यगृहात उघडले होते. २२ एप्रिल २००७ रोजी पडदा पडला तेव्हा 'द प्रोड्यूसर्स'चे २,५०२ प्रयोग झाले होते.

चित्रपटावरून म्युझिकल करण्याची कल्पना अर्थात नवी नव्हती. बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'वरून १९६८मध्ये 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' आले, त्याच्याच 'सम लाइक इट हॉट'वरून १९७२मध्ये 'शुगर'. पण लोकांच्या मनात ठसलेला प्रवाह उलटा होता. 'माय फेअर लेडी' किंवा 'द साउंड ऑफ म्यूझिक' आधी रंगभूमीवर गाजायचे आणि मग पडद्यावर जायचे. 'द प्रोड्यूसर्स'च्या यशानंतर जुन्या विनोदी चित्रपटांकडे निर्माते खाण म्हणून पाहू लागले. २००२मध्ये 'हेअरस्प्रे' आले, २००५मध्ये माँटी पायथनच्या चित्रपटावर बेतलेले 'स्पॅमलॉट', २००७मध्ये ब्रुक्सचेच 'यंग फ्रँकेन्स्टाइन'. स्वतः 'द प्रोड्यूसर्स' मात्र २००५मध्ये स्ट्रोमन यांच्याच दिग्दर्शनाखाली पुन्हा पडद्यावर गेले, तेव्हा ते चालले नाही. नट बव्हंशी तेच, गाणी तीच. नव्हता तो समोर बसलेला, श्वासाच्या अंतरावरचा प्रेक्षक.

गद्य विनोदाला गाणी मिळाली की काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे १८९३मधले गद्य नाटक. त्याला पुढे पदांची जोड मिळून १९१६मध्ये ते गंधर्व नाटक मंडळीकडून 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आले. देवलांच्या नाटकाचे मूळ आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' या इंग्रजी नाटकात आहे, आणि मर्फीचे मूळ मोलिएरमध्ये. मर्फीचे नाटक १७६१मध्ये ज्या ड्रुरी लेनच्या रंगमंचावर प्रथम झाले, त्याच जागी पुढे उभ्या राहिलेल्या वास्तूत २००४मध्ये 'द प्रोड्यूसर्स' लंडनला प्रथम आले. याच मर्फीने ज्या डेव्हिड गॅरिकचे चरित्र लिहिले, त्याच्या नावाच्या नाट्यगृहात आम्ही ते पाहिले. यात योगायोगापलीकडे काही नाही. पण त्यामुळे देवलांची आठवण झाली आणि तुलनेला एक धागा मिळाला.

'संशयकल्लोळ'मध्ये गाण्याचा मुख्य भार आहे तो अश्विनशेठ आणि रेवती यांच्यावर, म्हणजे प्रेमिकांवर. ज्याच्या संशयाने सगळा घोटाळा उभा राहतो तो फाल्गुनराव मुख्यतः गद्यातच वावरतो. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. जो गातो त्याच्या मनात आपण शिरतो, त्याच्यावर आपला विश्वास बसतो. संशयी नवऱ्याला ती सवलत मिळाली असती तर तो केविलवाणा झाला असता आणि त्याला हसणे जड गेले असते.

१९६७चा ब्रुक्स या बाबतीत देवलांच्या जवळचा आहे. त्याच्या चित्रपटात पात्रे गातात ती निवडचाचणीत, नाटकातल्या नाटकात किंवा तुरुंगातल्या तालमीत. मनातले म्हणून मॅक्स कधीच गात नाही. घामाघूम, हावरा, बेशरम मोस्टेल गद्यातच राहतो, म्हणून तो भयंकरही वाटतो आणि विनोदीही. २००१च्या म्युझिकलमध्ये मात्र सगळेच गातात. हिशेबाच्या कचेरीत बसलेला लिओ निर्माता होण्याचे स्वप्न गातो. चित्रपटात मॅक्स खिडकीतून रस्त्यावरच्या एका श्रीमंताला उद्देशून जे एक वाक्य ओरडतो, ते इथे उला या स्वीडिश तरुणीचे आख्खे गाणे होते. चित्रपटातली म्हातारी भागधारक मंडळी चालण्याच्या आधारकाठ्या आपटत समूहनृत्य करतात. शेवटी लिओ उलासोबत रिओला पळून जातो आणि मित्रासाठी कोर्टात परत येतो. तेथे दोन फसव्यांची ही गोष्ट दोन एकाकी माणसांच्या मैत्रीची गोष्ट होते. चित्रपटात नाट्यगृहच उडवून देण्याचा जो वेडा प्रयत्न आहे, तो इथून वगळला आहे. एकूणच कथेचा कडवटपणा ओसरतो आणि तिला ऊब येते. आम्हांला ती ऊब आवडली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नाटक संपले तेव्हा मॅक्सविषयी जो जिव्हाळा वाटला, तो चित्रपट पाहताना कधी वाटला नव्हता.

पण या उबेची किंमत हिटलरच्या गाण्याला मोजावी लागते. चित्रपटाच्या गद्य जगात ते गाणे अचानक फुटलेल्या गळवासारखे येते. म्युझिकलमध्ये त्याच्याआधी दहा-बारा सुरेख गाणी होऊन गेलेली असतात, कान आणि हात टाळ्यांना सरावलेले असतात. शिवाय हिप्पीचे पात्र काढून टाकले आहे. कथेचा काळ १९५९ असा मागे नेला आहे आणि मूळ नट पाय मोडून पडल्यामुळे हिटलरची भूमिका वाट्याला येते ती नटव्या दिग्दर्शकाच्या, रॉजर डी ब्रीच्या. तो मंचाच्या कडेवर बसून जुडी गार्लंडच्या ढंगात प्रेक्षकांशी लडिवाळपणा करतो. चित्रपटातला हिटलर हसू येण्याइतका वाईट होता. इथला हिटलर टाळी पडण्याइतका चांगला आहे. फरक बारीक आहे, पण सारे काही त्यावरच अवलंबून आहे.

चित्रपटात याच गाण्याच्या वेळी कॅमेरा छताकडे जातो आणि वरून दिसते की, नर्तकांनी फिरते स्वस्तिक रचले आहे. १९३०च्या दशकात बझ्बी बर्कलीने आपल्या संगीतपटांतून रूढ केलेल्या फुलाफुलांच्या रचनांचे ते क्रूर विडंबन आहे. नाट्यगृहात प्रेक्षकाला छतावर कसे नेणार? स्ट्रोमन यांच्या मूळ ब्रॉडवे प्रयोगात मंचाच्या मागे प्रचंड आरसा तिरका झुकवण्यात आला आणि त्यात ते फिरते चिन्ह दिसले. कॅमेरा आपल्यासाठी पाहतो आणि पाहून झाले की कापून पुढे जातो. आरसा मात्र फक्त समोर धरला जातो. पाहायचे आपण, आणि टाळी वाजवायची की नाही हेही आपणच ठरवायचे.

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. ज्या कथेत भोळ्या माणसांना अवाच्या सवा वाटे विकले जातात, तिच्या यशाने ब्रॉडवेच्या तिकिटांचे अर्थकारणच बदलले. नाटक उघडताच सर्वोच्च तिकीट १०० डॉलर झाले आणि २००१च्या ऑक्टोबरमध्ये निवडक आसनांसाठी ४८० डॉलरचा दर जाहीर झाला. काळ्या बाजारातल्या विक्रेत्यांकडे जाणारा पैसा नाटकाकडे यावा, हे त्याचे समर्थन होते. चढ्या दराच्या खास आसनांची पद्धत पुढे तिथे रूढच झाली. आमची तिकिटे वरच्या सज्जातली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे. हिटलरला हसावे का? चॅप्लिनने १९४०मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर' केला. पण छावण्यांतले खरे भीषण वास्तव तेव्हा माहीत असते तर आपण तो करू शकलो नसतो, असे त्याने १९६४मध्ये आत्मचरित्रात नमूद केले. ब्रुक्सची भूमिका याच्या उलट आहे. ती वास्तव कळून चुकल्यानंतरची आहे. हुकूमशहाशी वक्तृत्वात बरोबरी करता येत नाही, त्याला हास्यास्पदच करावे लागते, असे त्याने अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. २००९मध्ये हे नाटक बर्लिनला गेले, तेही अ‍ॅडमिरल्सपालास्टमध्ये, जिथे एके काळी हिटलर प्रयोग पाहायला येत असे. बाहेर लाल पताका लागल्या; त्यांवर स्वस्तिकाच्या जागी वेटोळे घातलेला खारा पाव, जर्मन प्रेट्झेल, होता. त्या शहरात प्रत्येक हसणाऱ्याला आपण कशाला हसतो हे पुरते ठाऊक होते. थट्टेला बळ मिळते ते या ठाऊक असण्यातून.

आणि इथेच आमच्या मैत्रिणीचे म्हणणे येते. भुयारी रेल्वेच्या स्थानकाकडे चालताना ती म्हणाली, "मला राग नाही आला. मला आपला वर्ग आठवला." आमच्यातल्या एका पिढीने वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' वाचून हिटलर ओळखला. पण आपल्या शहरांतल्या पदपथांवर 'माइन काम्फ'च्या प्रती यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेल्या असतात. मराठीतही तिचा अनुवाद मिळतो. 'तो क्रूर असेल, पण शिस्तीचा होता', हे वाक्य वर्गात आम्ही तिघांनीही ऐकले आहे, आणि बोलणारी मुले दुष्ट नव्हती. त्यांना तो इतिहासातला नव्हे, तर यशोगाथेतला माणूस म्हणून भेटलेला होता. "त्यांनी आज टाळ्या वाजवल्या असत्या," ती म्हणाली, "तर त्या कोणाला वाजल्या असत्या, नटाला की त्याला?"

आम्ही दोघांनी तिच्याशी वाद घातला. नाटक शाळा नव्हे, असे आम्ही म्हणालो. मुरकणारा हिटलर एकदा पाहिलेल्या माणसाला शिस्तप्रिय हिटलर पुन्हा गंभीरपणे घेता येत नाही, असेही म्हणालो. हे म्हणणे आजही आम्हांला खरे वाटते. पण चित्रपटात एका माणसाने टाळी वाजवली म्हणून त्याला बडवणारे जे लोक ब्रुक्सने दाखवले होते, ते त्याने केवळ हशासाठी घातले नसावेत, एवढे त्या रात्री मान्य करावे लागले. त्या लोकांच्या आठवणी ताज्या होत्या. रंगमंचावरील आवृत्तीने त्यांना बाहेर काढले आणि त्यांची जागा आपल्याला दिली, त्यांच्या आठवणी मात्र दिल्या नाहीत. त्या ज्याने त्याने घरून आणायच्या.

येत्या सत्रात विनोदी नाटकाच्या अभ्यासक्रमात 'द प्रोड्यूसर्स' लावावे असे आम्ही ठरवले आहे. आधी मूळ चित्रपट दाखवायचा, मग म्युझिकलमधले तेच गाणे. आमच्या मैत्रिणीची अट एकच आहे, की पहिला तास कानिटकरांच्या पुस्तकाचा असावा. ती अट आम्ही दोघांनी स्टेशन येण्याआधीच मान्य केली.